लांब असण्याचे फायदे

आम्हा नंदुरबारकरांच्या खिशात एक सबब कायम सुटी असते: लांब आहे. मुंबई लांब, पुणं लांब, हायकोर्टाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेही लांबच. सुरत तेवढी जवळ, पण ती पडली गुजरातेत. महाराष्ट्राच्या नकाशात वर, डाव्या हाताच्या कोपऱ्यात, सातपुडा आणि तापीच्या आधाराने आम्ही बसलेलो. टीव्हीवर ‘उत्तर महाराष्ट्रात मुसळधार’ म्हणून नाशिकचा पूर दाखवतात, तेव्हा आमच्या दारात बऱ्याचदा लख्ख ऊन असतं.

या लांबपणाबद्दल आम्ही चारचौघांत कुरकुरतो, पण मनातून आमचं त्याच्यावाचून चालत नाही. लग्नाला का नाही आलात? फार लांब पडतं हो. संमेलनाला? एका दिवसात परतणं होत नाही. आणि एवढे फसवले गेलात, तर तक्रार का नाही केली? कोण जाणार तिकडे! अहिराणीत याला दोन शब्द पुरतात, ‘दूर शे’. ते उच्चारले की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही.

१ जुलै १९९८ पर्यंत ही सबब शंभर नंबरी होती. तोवर आम्ही धुळे जिल्ह्यात होतो आणि जिल्ह्याचं कुठलंही काम म्हणजे धुळे. नंदुरबारच्या माणसाचा त्यात दिवस जायचा, धडगावच्या माणसाचा मुक्काम पडायचा. पहाटेची एसटी धरून, गुडघ्यावर फाइल ठेवून धुळ्याला पोचावं, तर साहेब मीटिंगला गेलेले असत. दुसऱ्यांदा साहेब असत, पण शिक्का मारणारे भाऊसाहेब रजेवर असत. तिसऱ्या वेळेपर्यंत माणूस आपल्या तक्रारीशी समेट करून टाकी. मग नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके मिळून आमचा स्वतंत्र जिल्हा झाला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. कलेक्टर गावातच येऊन राहिले आणि आमच्या सबबीला पहिला तडा गेला.

दुसरा तडा बरोबर त्याच तारखेला गेला. जिल्ह्याच्या सव्विसाव्या वाढदिवशी, १ जुलै २०२४ रोजी, देशातले तीन मोठे फौजदारी कायदे एका रात्रीत बदलले. १८६० चा भारतीय दंड संहिता नावाचा म्हातारा निवृत्त झाला, त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या खुर्चीत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता बसली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याचा कारभार भारतीय साक्ष्य अधिनियमाने हाती घेतला. दिल्लीत त्याबद्दल मोठ्या चर्चा झाल्या. आमच्याकडे त्याचा पहिला परिणाम दिसला तो तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्या आप्पांच्या चेहऱ्यावर.

आप्पा अर्ज लिहून देतात. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे, पण टेबल तेच. त्या टेबलाच्या काचेखाली पूर्वी एका बाजूला सप्तशृंगीचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला एसटीचं वेळापत्रक असे. वेळापत्रक आता काढलं गेलंय. तिथे वहीच्या रेघी पानावर निळ्या शाईने दोन रकाने आखलेत, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. ३०२ समोर १०३(१). ३०७ समोर १०९. ३७९ समोर ३०३(२). ४२० समोर ३१८(४). ४९८-अ समोर ८५. आणि जमावबंदीच्या १४४ समोर १६३, त्याच्या बाजूला कंसात ‘सुरक्षा संहिता, गल्लत नको’. कागदाच्या कोपऱ्यावर चहाचा गोल डाग आहे. तो नेमका ३५४ वर पडल्यामुळे त्या कलमापुढे काय आलं, हे विचारायला आप्पांना दर वेळी शेजारच्या वकिलाकडे जावं लागतं.

‘पुरे ५११ कलमं होती,’ आप्पा म्हणाले. ‘आता ३५८ च. चारशेवीस नंबरच शिल्लक नाही हो भाऊ. मग गावातल्या त्या लोकांना आम्ही म्हणायचं तरी काय?’

प्रश्न गंभीर होता. राज कपूरने १९५५ मध्ये सिनेमाच्या नावात घालून देशभर पोचवलेला आकडा, आणि आता त्याला कायद्याचा आधार नाही. ‘तीनशे अठरा पोटकलम चार आहे तो, त्याच्याशी व्यवहार करू नको’, असं सांगेपर्यंत व्यवहार होऊन जायचा. तीनशे दोनची तर आणखी गंमत. पोळ्याच्या दिवशी बैलावरून भांडण झालं की आमच्याकडे कोणीतरी ओरडतंच, ‘सोडू नका, तीनशे दोन लावा त्याच्यावर!’ नव्या संहितेत ३०२ आहे, पण ते कोणाच्या धार्मिक भावना मुद्दाम शब्दांनी दुखावण्याबद्दल आहे आणि त्याला शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. ओरडणाऱ्याला हे सांगितलं तर तो आणखी चिडेल.

त्यात पुन्हा जुनं पूर्ण गेलेलं नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच संहितेने चालतो. त्यामुळे एकाच कोर्टात, एकाच सकाळी, एकाच वकिलाच्या तोंडी दोन्ही संहिता असतात. आप्पा मात्र एका गोष्टीने हैराण झालेत. ‘पूर्वी माणूस यायचा, म्हणायचा चारशेवीस झालं. मी कागद चढवायचो नि बडवायला घ्यायचो. आता नेमकं काय झालं ते विचारून पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. मग कळतं, चारशेवीस नव्हतंच, उसनवारी होती.’ आकडे पाठ असले की गोष्ट ऐकावी लागत नाही, हे त्यांनी सहज बोलून टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्या कोणी रचली त्याने न्यायाबद्दल काही म्हटलेलं नाही. त्याची तक्रार पायरीबद्दल आहे. पायरीशी जाणं, पायरीवर बसणं, पुढची तारीख घेऊन पायरी उतरणं. नवे कायदे वाचताना माझ्या ध्यानात हळूहळू येत गेलं की, त्यांतल्या बऱ्याच तरतुदींनी हळूच ही पायरीच काढून घ्यायचं चालवलंय. म्हणीचं पुढे काय करायचं, हे त्यांनी आमच्यावर सोडलंय.

नवापूरचं रेल्वे स्टेशन घ्या. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे, अर्धं गुजरातेत. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा सीमा फलाटावरून गेली आणि स्टेशन तसंच राहिलं. तिथे एक बाक आहे, त्याच्या एका अंगावर महाराष्ट्र लिहिलंय, दुसऱ्या अंगावर गुजरात. मधोमध बसणाऱ्या माणसाचा डावा खिसा एका राज्यात आणि उजवा दुसऱ्या राज्यात. घोषणा चार भाषांत होतात, हिंदी, इंग्रजी, गुजराती आणि मराठी, त्यामुळे गाडी चुकली तर भाषेचं कारण देता येत नाही. एका बाजूला दारूबंदीचं राज्य, दुसऱ्या बाजूला परवान्याचं. झिंगलेला माणूस चार पावलं कुठल्या दिशेने टाकतो, यावर त्याचं बरंच काही अवलंबून.

आता अशा बाकावर कोणाचं पाकीट मारलं गेलं, तर आपल्या लोकांना पहिला प्रश्न पडतो तो हद्दीचा. चोर कोण, पैसे किती, हे नंतर. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य ऐकून किती फिर्यादी माघारी गेले असतील! नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने त्या वाक्याची सोय काढून टाकली. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. तिथे ती झिरो नंबरने नोंदवायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. झिरो एफआयआर पूर्वीही होता, पण सूचनांच्या आणि परिपत्रकांच्या जोरावर. आता तो कायद्याच्या कलमातच लिहिला गेला. शिवाय माहिती मोबाइलवरून, ईमेलवरूनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते पोलिसांनीच फिर्यादीला कळवायचं. साक्षही दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते.

अर्थात हे सगळं रेंजवर अवलंबून. अक्राणीच्या डोंगरात काही पाड्यांवर फोन लावायला टेकडीवर जावं लागतं. तिथल्या माणसाने ई-फिर्याद द्यायची तर आधी चढण चढायची. कोर्टाची पायरी गेली, सातपुड्याची राहिली.

पंचनाम्याचीही आमच्याकडे मोठी परंपरा. घटनास्थळी पोलीस आले की आसपासची गर्दी विरघळते आणि पंच म्हणून चहाच्या टपरीवरचे दोघे सापडतात. पुढे सात वर्षांनी कोर्टात तेच दोघे, ‘सही माझीच आहे, पण कागद कोरा होता’ असं सांगतात. आता झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं, तेही शक्यतो मोबाइलवर, असं कलम १०५ सांगतं. पंच अजून लागतातच, पण त्यांच्या बाजूला एक यंत्र उभं राहिलंय आणि त्या यंत्राला तारखेच्या दिवशी शेतात पाणी द्यायला जायचं नसतं.

मला मनापासून आवडलेली नवी गोष्ट मात्र शिक्षेची आहे. पहिल्यांदाच आपल्या दंडविधानात ‘समाजसेवा’ ही शिक्षा म्हणून आली. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला तर चोवीस तासांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा पैसे परत केले, तर समाजसेवा. बदनामीच्या गुन्ह्यातही तो पर्याय आहे. समाजसेवा म्हणजे काय, तर समाजाच्या उपयोगाचं काम, ज्याचा मोबदला मिळणार नाही. हे वाचून आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचे कार्यकर्ते अस्वस्थ झाले. त्यांनी वर्षानुवर्षं विनामोबदला मांडव घातलेत, विहीर उपसलीय, सप्ताहाच्या पंगतीत वरण वाढलंय. ‘म्हणजे आपण कसली शिक्षा भोगत होतो?’ एकाने विचारलं. सातपुड्यातल्या पाड्यांवरचे म्हातारे पंच हे ऐकून फारसे चकित होणार नाहीत. चुकलेल्या माणसाला समाजाबाहेर कोंडण्यापेक्षा समाजासाठी राबवून घ्यावं, हा विचार तिथे नवा नाही. तो आमच्याकडून दिल्लीला गेला असं मी म्हणत नाही, पण दिल्लीहून आमच्याकडे आला असंही म्हणवत नाही.

आता गिऱ्हाइकाकडे येऊ.

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्यात घोड्यांचा बाजार. देशभरातून घोडे येतात. साधारण त्याच दिवसांत, २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. हा योग कोणी जुळवून आणलेला नाही, पण ग्राहकाचं शिक्षण पाहायचं तर त्या बाजारासारखी शाळा नाही. घोडा घेणारा आधी चारही बाजूंनी फिरतो, ओठ वर करून दात बघतो, भोवरे मोजतो, खूर उचलून पाहतो, पंचकल्याणी आहे का ते बघतो, मग पळवून दाखवा म्हणतो. विकणारा त्याहून हुशार. ‘हा तर इंदूरच्या शेठने सांगून ठेवलाय, संध्याकाळपर्यंत येतोच तो.’ ‘तुम्हाला झेपणारा नसेल तर राहू द्या, तिकडे तट्टू आहेत.’ सौदा झाल्यावर कळतं की खोगीर वेगळं, लगाम वेगळा, आणि पैसे मोजून आणलेला घोडा सकाळी पाहिलेलाच आहे याची खात्री आपणच करून घ्यायची.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांच्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची, म्हणजे डार्क पॅटर्नची, यादी काढून त्यांना मनाई केली. ती यादी वाचताना मला सारखा सारंगखेड्याचा धुरळा दिसत होता. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ म्हणजे इंदूरचा शेठ. ‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण दाबायला लावणं म्हणजे तट्टूचा टोमणा. शेवटच्या पानावर वाढत जाणारे आकार म्हणजे खोगीर आणि लगाम. न मागता टोपलीत शिरलेला विमा, दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं, ही सगळी मंडळी आमच्या ओळखीची. फरक इतकाच की बाजारात व्यापाऱ्याचे डोळे दिसतात. फोनमधल्या व्यापाऱ्याने आपले दात आधीच मोजलेले असतात.

या बाबतीत महाराष्ट्र जुना जाणता आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाच नव्हता, तो १९८६ मध्ये आला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, जुलै २०२० पासून. या नव्या कायद्याने नंदुरबारकरावर घोर अन्याय केला आहे. पूर्वी तक्रार करायची तर दुकानदार जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला तिथे. म्हणजे ‘दूर शे’ म्हणायला वाव होता. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, नंदुरबारच्या आयोगापुढे तिनेच यायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइन, २०२५ पासून ई-जागृती नावाच्या पोर्टलवर. सुनावणीही पडद्यावर होऊ शकते. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याचे व्यवहार जिल्ह्यातच. माणसाने आता सबब तरी काय द्यावी?

शेतकऱ्यालाही सुटका नाही. बियाणं उगवलं नाही तर ‘नशीब’ म्हणून मोकळं होण्याची आपली रीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की, सदोष बियाण्यासाठी शेतकरीही ग्राहक म्हणून आयोगापुढे जाऊ शकतो. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीचे ढीग लागतात तेव्हा हवेतल्या ठसक्याने बाहेरगावचा माणूस शिंकून बेजार होतो. त्या मिरचीच्या बियाण्याची पावती जपून ठेवणारा शेतकरी आता शिंकणाऱ्यापेक्षा शहाणा ठरतो. पावती मात्र हवी. आमच्याकडे पावती मागणं म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखवणं, आणि दुकानदार मामाच्या गावचा निघाला तर ते जवळपास पाप.

आमच्या शेजारच्या जिजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांनी फोनवरून मिक्सर मागवला, आला तो भांड्याला तडा गेलेला. परत घेईनात. ‘तुमची विनंती महत्त्वाची आहे’ असं एक यंत्र गोड आवाजात चार दिवस सांगत राहिलं. गल्लीचा सल्ला एकमुखी होता: जाऊ द्या. हजारबाराशेसाठी कसाले लफडं! जिजींनी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवला, मराठी निवडली, आणि पाचवीच्या वर्गाला गणित समजावतात तशा आवाजात तारखेसह सगळं सांगितलं. पंधरवड्यात पैसे परत आले. गल्लीला याचा आनंद झाला असेल असं वाटेल, पण गल्ली गप्प होती. ‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरात एकेक तडा गेलेलं भांडं होतं.

कायदा इतका जवळ येत असताना वर्तमानपत्रं मागे कशी राहतील? आमच्या भागात साप्ताहिकांचं पीक चांगलं. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक एकच गृहस्थ, वितरकही तेच, सायकलवर. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक टाइपात दोन ओळी असतात, त्या मी लहानपणापासून आवडीने वाचत आलोय. पहिली, ‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ सगळा अंक संपादकाने स्वतःच लिहिलेला असतानाही ही ओळ असते. दुसरी, ‘पीआरबी कायद्यानुसार जबाबदार.’ ती जबाबदारी १८६७ च्या कायद्याने घातलेली होती. वर्तमानपत्र काढायचं तर दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र द्यायचं. मार्च २०२४ पासून त्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. नोंदणी ऑनलाइन, पुस्तकं त्यातून बाहेर, आणि बहुतेक चुकांना तुरुंगाऐवजी दंड. आमच्या संपादकांना दिलासा मिळाला, पण थोडं वाईटही वाटलं. कलेक्टर कचेरीत घोषणापत्र घेऊन जाताना जो रुबाब होता, तो पासवर्ड टाकताना येत नाही.

पण ती बारीक ओळ फार मोलाची होती. चूक असो, बरोबर असो, छापलेल्या प्रत्येक शब्दाखाली एका माणसाचं नाव असे. व्हॉट्सअॅपवरच्या मजकुराखाली ‘जसे आले तसे पुढे पाठवले’ एवढंच असतं. आणि इथे मला १ जुलै ही तारीख तिसऱ्यांदा आठवते. २०१८ सालची. शेजारच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा फोनांवरून आधीच गावोगाव फिरलेली. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी फक्त पाच जणांना मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. नव्या न्याय संहितेत खोटी माहिती आणि अफवा पसरवण्याला कलम ३५३ आहे. जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात वेगळी जागा दिली आहे. कायदा हे वरातीमागून घोडं, असं म्हणतात. असेल. पण त्या दिवशी आमच्या भागाला कळलं की लांब असण्याचा फायदा अफवेपुढे चालत नाही. तिला हद्द नाही, घाट नाही, एसटीची वाट बघावी लागत नाही.

फोनाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मोठेपणाचीही एक गोष्ट सांगायला हवी. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. म्हणजे दिल्लीकर, मुंबईकर बिननंबरी फिरत असताना आमच्या टेंभलीकरांचे अंगठे आणि बुबुळं सरकारदरबारी सुरक्षित पोचली होती. एकदा तरी आम्ही रांगेत पहिले होतो. पुढे तोच नंबर बँकेने मागितला, गॅसवाल्याने मागितला, सिमकार्डवाल्याने मागितला. झेरॉक्सवाल्याकडे कोणाकोणाच्या प्रती पडून असतील ते दत्त जाणे. या सगळ्याला लगाम घालणारा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. माहिती घ्यायची तर कशासाठी घेताय ते साध्या भाषेत सांगायचं, संमती मागायची आणि दिलेली संमती परतही घेता आली पाहिजे.

साध्या भाषेत म्हणजे कुठल्या? इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती सूचना मिळवण्याची सोय कायद्यात आहे. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, गुजराती आहे. भिली नाही. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली सांगणारे एक कोटीहून जास्त लोक होते, अनुसूचीबाहेरच्या भाषांत सगळ्यांत जास्त. ज्या जिल्ह्यात जवळपास ७० टक्के लोक आदिवासी आहेत आणि जिथून आधारची सुरुवात झाली, तिथल्या धडगावच्या आजीला ‘मी सहमत आहे’ हे मराठीत वाचून दाखवावं लागेल. मग ती नातवाकडे बघेल, आणि नातू बटण दाबेल. संमती झाली.

इतकं सगळं पाहून मी आप्पांना विचारलं की, आता सगळं ऑनलाइन झालं, तुमचा धंदा बसला असेल. ते हसले. टेबलासमोर सहा माणसं उभी होती. एकाला ई-जागृतीवर तक्रार भरायची होती, दुसऱ्याला हरवलेल्या फोनची माहिती द्यायची होती, तिसऱ्याचा ओटीपी मुलाच्या फोनवर जात होता आणि मुलगा सुरतेला साडीच्या दुकानात होता. आप्पा एकेकाला समोर बसवत, लॅपटॉप बाजूला सारत आणि म्हणत, ‘काय झालं? पहिल्यापासून सांग.’ पहिला माणूस अहिराणीत बोलला, दुसरा पावरी बोलीत. आप्पा दोघांचंही मराठी करत होते. सरकारने कायदा घरापर्यंत आणला असेल, पण उंबऱ्यावरून आत घ्यायला अजून असं कोणीतरी लागतं, ज्याला गोष्ट पूर्ण ऐकायची सवय आहे. ते अंतर कुठल्याही राजपत्राने कमी होत नाही.

बाकी अंतरांचं मात्र काही खरं नाही. धुळे गेलं, हद्द गेली, शुल्क गेलं, वकिलाची सक्ती नाही. ‘जाऊ द्या’ तेवढं उरलं आहे, आणि त्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. आता आम्ही म्हणीचाच आधार घेऊन बघतो. पण तीही तपासली तर लंगडी निघते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे पूर्वजांनी सांगून ठेवलंय. शहाण्याने फोन उचलू नये, असं मात्र एकाही पूर्वजाने कुठे म्हटल्याचं ऐकिवात नाही.